नवरीची रिकामी जागा

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वसईला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला मी आईला घेऊन गेलो होतो. चर्चमधला सगळा विधी मराठीत होता, त्यामुळे तिला प्रत्येक शब्द कळत होता. धर्मगुरूंनी योहानाच्या शुभवर्तमानातला काना गावच्या लग्नाचा उतारा वाचला. लग्नघरी द्राक्षारस संपतो, येशूची आई ते त्याच्या कानावर घालते, दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस होतो आणि भोजनाची व्यवस्था पाहणारा माणूस नवऱ्या मुलाला बोलावून त्याची वाखाणणी करतो. परतीच्या एसटीत आई बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, “पाहुण्यांची सोय झाली, नवऱ्या मुलाची अब्रू राहिली, सगळं खरं. पण त्या गोष्टीतली नवरी कोण रे? तिचा कुणी उल्लेखसुद्धा केला नाही.”

मी हसलो आणि काहीतरी उत्तर देऊन टाकले. त्या काळात मी महाविद्यालयात मधुराभक्ती शिकवत होतो, आणि ज्ञानदेवांच्या विरहिण्या शिकवताना ख्रिस्ती परंपरेतही असेच आहे, तिथेही भक्त वधू आणि ख्रिस्त वर असतो, असे एक वाक्य नेमाने सांगत होतो. ते वाक्य मी कधी तपासले नव्हते. आईचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. पुढे काही वर्षे या रूपकाचा मागोवा घेतल्यावर माझ्या लक्षात आले, की तिने अगदी नेमक्या जागी बोट ठेवले होते. ख्रिस्त आणि त्याचे विश्वासी यांच्या स्वर्गीय विवाहाची जी कल्पना आहे, तिच्या मूळ संहितांमध्ये वर आहे, वऱ्हाडी आहेत, जेवणावळ आहे, पोशाख आहे, बंद होणारे दारही आहे; वधूची जागा मात्र जवळजवळ रिकामी आहे. या कल्पनेचा दोन हजार वर्षांचा इतिहास हा त्या जागी कोण बसले, कोणाला बसवले गेले आणि तिथे बसल्यावर कोणाला बोलता आले, याचा इतिहास आहे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात तेवढेच मांडायचे आहे.

करवल्या आहेत, नवरी नाही

आधी शुभवर्तमाने पाहू. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात येशूला विचारतात, की तुमचे शिष्य उपास का करत नाहीत? तो उत्तर देतो ते लग्नाच्या भाषेत: वर सोबत असताना वऱ्हाडी उपाशी कसे राहतील? इथे येशू स्वतःला वर म्हणवतो, पण शिष्य वऱ्हाडी आहेत, वधू नाहीत. मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात राजा आपल्या मुलाच्या लग्नाची मेजवानी देतो. बोलावलेले येत नाहीत, मग रस्त्यावरच्यांना आणले जाते, आणि लग्नाचा पोशाख न घालता आलेल्या एकाला बाहेरच्या अंधारात टाकले जाते. एवढे सगळे घडते. पण राजाची सून कोण होणार आहे याचा पत्ता नाही.

पंचविसाव्या अध्यायातला दहा कुमारींचा दृष्टांत सर्वांत प्रसिद्ध. वर यायला उशीर होतो, मध्यरात्री हाक येते, पाच जणींच्या दिव्यांत तेल नसते, त्या तेल आणायला जातात तोवर दार बंद होते. या दहा जणी पुढे ख्रिस्ती चित्रकलेत आणि उपदेशांत वधूच्याच रूपाने वावरल्या. कथेत मात्र त्या आपल्या भाषेत सांगायचे तर करवल्या आहेत. काही थोड्या प्राचीन प्रतींमध्ये, कुमारी वराला सामोऱ्या निघाल्या या वाक्यात ‘आणि वधूला’ अशी भर आढळते. बहुतेक अभ्यासक ती नंतरची मानतात. ती खरोखर नंतरची असेल, तर पोथी उतरवणाऱ्या कोणा लेखनिकालाही माझ्या आईसारखाच प्रश्न पडला असणार, आणि त्याने आपल्या परीने नवरी आणून बसवली.

चारही शुभवर्तमानांत या लग्नातल्या नवरीचा निःसंशय उल्लेख सापडतो तो एकदाच, योहानाच्या तिसऱ्या अध्यायात. तिथे बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःला वराचा मित्र म्हणवतो आणि नवरी ज्याची आहे तोच वर, अशा अर्थाचे बोलतो. म्हणजे तिचा उल्लेख होतो तो ती कोणाची हे सांगण्यापुरता.

जुने लग्न आणि झालेले वाग्दान

ही कल्पना येशूच्या काळात नव्याने जन्मली नव्हती. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात होशेय या संदेष्ट्याने देव आणि इस्राएल यांचे नाते नवराबायकोचे म्हणून रंगवले, आणि ते विस्कटलेल्या संसाराच्या रूपात. होशेयाची बायको गोमेर त्याच्याशी प्रामाणिक राहत नाही, तसे इस्राएल इतर दैवतांच्या मागे जाते. यशया, यिर्मया आणि यहेज्केल यांनी हे रूपक वाढवले. यहेज्केलाचा सोळावा अध्याय आजच्या वाचकाने मन घट्ट करूनच वाचावा. उघड्यावर टाकलेली तान्ही मुलगी देव वाढवतो, तिच्याशी लग्न करतो, तिला दागिन्यांनी मढवतो, आणि ती भरकटल्यावर तिला जी शिक्षा सुनावतो ती अंगावर काटा आणणारी आहे. या सगळ्या प्रकरणात आरोप आहे, निकाल आहे, शेवटी क्षमाही आहे; तिची जबानी नाही.

पौल करिंथकरांना दुसरे पत्र लिहितो तेव्हा या वारशात एक महत्त्वाचा बदल होतो. मी तुम्हाला एका वराशी, ख्रिस्ताशी, वाग्दत्त केले आहे, असे तो मंडळीला सांगतो. इथे पौलाची भूमिका वधूपित्याची आहे. त्या काळच्या यहुदी विवाहाचे दोन टप्पे असत. पहिल्यात वाग्दान होई, पण ते आपल्या साखरपुड्यासारखे मोडता येण्याजोगे नव्हते. ते मोडायला सोडचिठ्ठीच लागे. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात मरीया वाग्दत्त असताना गरोदर असल्याचे कळल्यावर योसेफ तिला सोडण्याचा विचार करतो, तो याच अर्थाने. दुसरा टप्पा काही काळाने येई आणि वर वधूला घरी नेई. म्हणजे बांधले जाणे आज आणि एकत्र येणे पुढे कधीतरी. ख्रिस्त येऊन गेला आहे आणि पुन्हा यायचा आहे, या दोन घटनांच्या मधल्या काळात जगणाऱ्या माणसांना आपली अवस्था सांगायला याहून नेमके रूपक मिळणे कठीण होते.

मात्र पौलाची वधू एकवचनी असली तरी ती एक बाई नाही. ती करिंथ शहरातली भांडकुदळ, गटातटांत विभागलेली सगळी मंडळी आहे. हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे तोच निसटतो.

जाहीर झालेले, पण न लागलेले लग्न

प्रकटीकरण हे बायबलमधले शेवटचे पुस्तक. त्याच्या एकोणिसाव्या अध्यायात स्वर्गात जयघोष होतो: कोकऱ्याच्या लग्नाची घटका आली आहे, वधूने स्वतःला सजवले आहे, तिला तलम शुभ्र तागाचे वस्त्र दिले आहे. ते वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्ये, असा खुलासाही तिथेच आहे. ज्यांना भोजनाचे आमंत्रण आहे ते धन्य, असे देवदूत लिहून ठेवायला सांगतो. आता मंगलाष्टके ऐकू येणार अशी वाचकाची तयारी होते. पण पुढच्याच दृश्यात आकाश उघडते आणि पांढऱ्या घोड्यावरचा स्वार रक्तात बुचकळलेले वस्त्र घालून लढाईला निघतो. मेजवानी होते, पण ती पक्ष्यांची: राजांचे, सरदारांचे, घोड्यांचे मांस खायला आकाशातल्या पाखरांना आवतण दिले जाते. एकाच अध्यायात दोन आमंत्रणे आहेत, आणि त्यांतली एकच मेजवानी आपल्याला पाहायला मिळते.

वधू दिसते ती एकविसाव्या अध्यायात. देवदूत म्हणतो, चल, तुला वधू दाखवतो. तो लेखकाला उंच डोंगरावर नेतो आणि दाखवतो एक शहर. त्याला बारा वेशी आहेत, त्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी बारा हजार स्टेडिया आहे, तट एकशे चव्वेचाळीस हातांचा आहे, आणि देवदूत सोन्याच्या काठीने ते मोजतो. वधूचे रूपवर्णन अपेक्षित असलेल्या जागी भूमापन येते. वाचक इथे गोंधळतो, आणि तो गोंधळ मला मोलाचा वाटतो. इथली वधू म्हणजे लोकवस्ती आहे. तिच्यात अनेकांना राहायला जागा आहे आणि तिच्या वेशी कधी बंद होत नाहीत, असे संहिता सांगते. दहा कुमारींच्या दृष्टांतातले बंद झालेले दार मनात असेल तर या उघड्या वेशींचा अर्थ आणखी वाढतो.

लग्न लागल्याचे वर्णन या पुस्तकात कुठेही नाही. शेवटच्या, बाविसाव्या अध्यायात मात्र एक गोष्ट घडते. अठराव्या अध्यायात बाबेल नगरीचा नाश सांगताना, तिथे वराचा आणि वधूचा आवाज पुन्हा कधी ऐकू येणार नाही, असे म्हटले होते. आता आत्मा आणि वधू मिळून बोलतात. ही वधू पहिल्यांदाच बोलते, आणि तिचे बोलणे ग्रीकमध्ये एका शब्दाचे आहे. मराठीत तो शब्द एका अक्षराचा होतो: ये. शतकानुशतके तिच्याविषयी इतरच बोलत होते. तिला स्वतःला मिळाला तो हा एक शब्द.

उसना घेतलेला आवाज

एका शब्दावर भक्ताचे भागत नाही. आपण त्या लग्नातली वधू आहोत असे ज्याला मनापासून वाटते, त्याला वधूसारखे बोलायचे असते. नवा करार तिला भाषा देत नाही, म्हणून ख्रिस्ती परंपरेने ती जुन्या करारातून उसनी आणली, असे मी या साऱ्याचे वाचन करतो. तो ग्रंथ म्हणजे गीतरत्न.

आठ अध्यायांच्या या प्रेमकाव्यात पहिला आवाज स्त्रीचा आहे आणि सर्वांत जास्त बोलतेही तीच. ती उन्हाने रापलेली आहे, भावांनी तिला द्राक्षमळ्यांच्या राखणीला लावले आहे. रात्री ती प्रियकराला शोधत रस्त्यावर येते, गस्तवाले तिला मारतात. यात प्रियकर तिला वधू म्हणतो, पण लग्न झाल्याचे नीट कुठे सांगितलेले नाही, आणि धर्मोपदेश तर नाहीच. या काव्याला धर्मग्रंथात स्थान असावे का यावर प्राचीन रब्बींमध्ये वाद झाला होता.

तिसऱ्या शतकात ओरिगेन या अलेक्झांड्रियाच्या विद्वानाने यावर दहा खंडांचे भाष्य लिहिले. त्याचा काही भागच आज लॅटिन अनुवादात उरला आहे. त्यात वधू म्हणजे मंडळी हा अर्थ आहेच, पण त्याच्या शेजारी दुसरा अर्थ येऊन बसतो: वधू म्हणजे एकेका माणसाचा आत्मा. इथे रूपकाचा सांधा बदलला. करिंथची मंडळी आणि बारा वेशींचे शहर मागे पडले, आणि एकांतात देवाशी बोलणारा एकटा जीव त्या रिकाम्या जागी आला. पुढच्या हजार-बाराशे वर्षांतल्या गूढवादी साहित्याची ओढ मुख्यतः या दुसऱ्या अर्थाकडे राहिली.

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने ११३५ साली मठवासीयांसमोर गीतरत्नावर प्रवचने द्यायला सुरुवात केली. ११५३ साली तो वारला तेव्हा ८६ प्रवचने झाली होती आणि तो जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशी पोहोचला होता. अठरा वर्षे दाढीमिशावाले पुरुष एकमेकांना वधू समजून एका प्रेमकवितेचा शब्द न शब्द चघळत होते. यात हसण्यासारखे काही नाही. सव्विसाव्या प्रवचनात बर्नार्ड वधूच्या तंबूंविषयी बोलता बोलता अचानक थांबतो. त्याचा भाऊ गेरार्ड नुकताच वारला आहे. इतका वेळ आवरून धरलेले दुःख फुटते आणि उरलेले प्रवचन हा त्या भावासाठीचा विलाप होतो. वधूची भाषा त्या माणसाने इतकी वर्षे घोटली होती, की स्वतःचा शोक बोलायलाही ती त्याच्या उपयोगी पडली. त्याच बर्नार्डने ११४६ साली दुसऱ्या क्रुसेडचा प्रचार केला, हेही विसरू नये. प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात लग्न आणि लढाई शेजारी शेजारी होती. त्याच्या आयुष्यातही त्या तशाच राहिल्या.

देवाची सासू, आणि बाईची लेखणी

पुरुषांसाठी वधू होणे हे रूपक होते. स्त्रियांच्या बाबतीत ते फार लवकर शब्दशः घेतले गेले. चौथ्या शतकापासून कौमार्यव्रत घेणाऱ्या मुलीला नवरीसारखा पडदा दिला जाऊ लागला. जेरोमने ३८४ साली युस्टोकियम या तरुणीला लिहिलेले दीर्घ पत्र प्रसिद्ध आहे. त्यात तो तिची आई पाउला हिचा उल्लेख करून म्हणतो, की मुलीने ख्रिस्ताला वरल्यामुळे आई आता देवाची सासू झाली! मराठी वाचकाला या वाक्यातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको. पण जेरोम विनोद करत नव्हता. त्याच पत्रात मुलीने कोणाला भेटावे, काय खावे, घराबाहेर केव्हा पडावे याचे बारीकसारीक नियम आहेत. देवाची नवरी झाली तरी ती कोणाच्या तरी घरची सूनच होती.

असे असूनही त्या जागी बसलेल्या काही जणींनी तिचा असा उपयोग केला, की तो नियम करणाऱ्यांना अपेक्षित नव्हता. तेराव्या शतकात माग्देबुर्गच्या मेखटिल्डने आपले दर्शन लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या जर्मन बोलीत लिहिले. त्याच शतकात हाडेवाइख ही कवयित्री डच भाषेत लिहीत होती. दोघींच्या लेखनात वधू मागते, रुसते, भांडते. ज्या काळात स्त्रीला प्रवचन करण्याचा किंवा भाष्य लिहिण्याचा अधिकार नव्हता, त्या काळात ‘मी त्याची वधू आहे’ हे वाक्य म्हणजे बोलण्याचा परवाना होता. पत्नी आपल्या पतीविषयी बोलते आहे, तिला अडवणार कोण?

अडवणारे अर्थात होतेच. स्पेनमध्ये सोळाव्या शतकात आविलाच्या तेरेसाने गीतरत्नातल्या काही ओळींवर चिंतन लिहिले. तिच्या एका गुरूने ते जाळायला सांगितले. बाईने अशा ग्रंथावर लिहिणे त्याला योग्य वाटले नाही. तिने जाळलेही, पण नकला आधीच इतरांकडे गेल्या होत्या, म्हणून ते वाचले. फ्राय लुइस दे लेओन हा सालामांकाचा प्राध्यापक तर १५७२ ते १५७६ इन्क्विझिशनच्या कैदेत होता. त्याच्यावरच्या आरोपांत गीतरत्नाचा लोकभाषेत अनुवाद केल्याचाही आरोप होता, आणि तो अनुवाद त्याने एका जोगिणीसाठी केला होता. क्रुसाच्या योहानाला त्याच्याच संघातल्या लोकांनी डिसेंबर १५७७ मध्ये तोलेदोला कोंडले. पुढच्या ऑगस्टमध्ये तो निसटला. त्या अरुंद खोलीत त्याने प्रियकराला शोधत निघालेल्या वधूच्या तोंडचे जे काव्य रचले, त्याची गणना आज स्पॅनिश भाषेच्या सर्वोत्तम कवितेत होते. गस्तवाल्यांना चुकवत निघालेली नायिका आणि पहाऱ्यातला कवी यांच्यातले साम्य त्याला जाणवले नसेल, असे मानणे कठीण आहे.

तेरेसाचा ‘अंतरीचा किल्ला’ १५७७ मधला. आत्मा हा सात महालांचा किल्ला आहे आणि पाचव्या महालापासून लग्नाची गोष्ट सुरू होते. तिथे ती जे सांगते ते मराठी घरात पटकन कळेल: आधी पाहण्याचा कार्यक्रम होतो, एकमेकांची ओळख पटते; सहाव्या महालात वाग्दान, सातव्यात लग्न. पण सातव्या महालात पोहोचल्यावर ती वाचकाला डोळे मिटून बसू देत नाही. या विवाहाचे फळ म्हणजे काम, सत्कृत्ये, असे ती बजावते. तिने स्वतः बैलगाडी-खेचरांवरून स्पेन पालथा घालून सतरा मठ उभे केले. प्रकटीकरणातल्या वधूचे वस्त्र नीतिकृत्यांचे होते हे येथे आठवते. एकट्या जीवाचे झालेले रूपक तिने पुन्हा माणसांच्या वस्तीकडे वळवले.

हुंड्याचा हिशेब

इतके लिहून थांबलो तर मी या कल्पनेची एकच बाजू दाखवली असे होईल. सतराव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये वरपक्षाला द्यायचा हुंडा इतका वाढला होता, की खानदानी घराणी एखाद्या मुलीचे लग्न करत आणि बाकीच्या मुली मठात पाठवत. मठालाही हुंडा द्यावा लागे, पण तो पुष्कळ कमी असे. ख्रिस्त हा स्वस्तात मिळणारा जावई होता. अर्कांजेला ताराबोत्ती (१६०४ ते १६५२) ही अशीच मठात टाकलेली मुलगी. तिला ओढ नव्हती, बोलावणे ऐकू आले नव्हते. बापाने हिशेब केला होता. तिने मठात बसूनच बापांच्या जुलमावर एक जळजळीत ग्रंथ लिहिला. तो तिच्या मृत्यूनंतर १६५४ साली छापला गेला आणि पुढे चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. तिचे म्हणणे थोडक्यात असे: देवाला मनापासून दिलेली वधू हवी, तुम्ही त्याला नको असलेला माल देता आणि वर पुण्य पदरात पाडून घेता. स्वर्गीय विवाहाच्या साहित्यावर लिहिणारे बहुतेक जण तेरेसापाशी थांबतात. मला वाटते, तेरेसाच्या शेजारी ताराबोत्ती ठेवल्याशिवाय त्या रिकाम्या जागेचा हिशेब पुरा होत नाही.

दुसरा धोका इफिसकरांच्या पत्रातला. तिथे ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याचा दाखला पतिपत्नींना दिला आहे. पतीने स्वतःला अर्पण करण्याइतके प्रेम करावे, हा त्यातला कठीण भाग; पत्नीने अधीन राहावे, हा सोपा. शतकानुशतके उपदेशकांना सोपा भाग जास्त आठवला. माणसांच्या लग्नावरून देवाचे नाते समजून घेतले तर ते रूपक राहते. देवाच्या नात्यावरून माणसांचे लग्न बेतले की नवऱ्याला देवाची खुर्ची मिळते.

प्रोटेस्टंट पंथाने मठ बंद केले, पण हे लग्न काही मोडले नाही. जर्मनीतल्या उन्ना गावी प्लेगच्या साथीत रोज माणसे पुरणाऱ्या फिलिप निकोलाई या पाळकाने मध्यरात्रीच्या हाकेवर आणि दहा कुमारींवर एक स्तोत्र लिहिले; ते १५९९ साली छापले गेले. त्या स्तोत्राच्या आधाराने बाखने १७३१ साली एक कँटाटा रचला. त्यात आत्मा आणि येशू यांची दोन युगुलगीते आहेत, आणि ती थेट प्रेमिकांच्या संवादासारखी आहेत. दोन्ही बाजूंना मात्र निकोलाईची समूहगीते उभी आहेत. युगुलाभोवती सारी वस्ती जागी आहे. ओरिगेनपासून वेगळे झालेले दोन अर्थ, मंडळी आणि एकटा आत्मा, मला इथे एकत्र ऐकू येतात.

आपल्याकडचे लग्न

आता माझ्या जुन्या वाक्याकडे येतो. मधुराभक्ती आणि ख्रिस्ताचा वधूभाव एकच, असे मी सांगत असे. विरहाची भाषा सारखी आहे यात शंका नाही. पण विरहिणी आणि गौळण यांचे बळ लग्नाच्या बाहेर असण्यात आहे. गौळण घर, सासू, लाज मागे टाकून निघते. ख्रिस्ती रूपकाचा पाया करार आहे, आणि म्हणूनच त्यात निष्ठा, वस्त्र, साक्षीदार आणि बंद दार यांना इतके महत्त्व आहे.

मराठीत स्वर्गीय विवाहाची तुलना करायचीच तर ती रुक्मिणीस्वयंवराशी करायला हवी. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला तेव्हा महदंबेने रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाचे धवळे रचले. मराठीतली आद्य कवयित्री आपल्याला भेटते ती लग्नगीत गाताना. १५७१ साली एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले आणि त्यात जीव-शिवाच्या ऐक्याचे रूपक उघडपणे गुंफले. या कथेत वधू पहिल्यापासून हजर आहे. तीच पत्र लिहिते, तीच निरोप्या धाडते, तीच वराला बोलावून घेते. ‘ये’ हा शब्द प्रकटीकरणातल्या वधूला अगदी शेवटी मिळतो. रुक्मिणीची कथा त्याच शब्दापासून सुरू होते. शिवाय एकनाथांकडे लग्न प्रत्यक्ष लागते. लग्न जमावे म्हणून मुलींनी या ग्रंथाचे पारायण करावे असा प्रघात पडला, तो उगीच नाही.

यावरून आपले लग्न श्रेष्ठ ठरते असे मला म्हणायचे नाही. लागलेल्या लग्नात जो आनंद आहे तो एकनाथांच्या ओव्यांत आहे. न लागलेल्या लग्नात जी तगमग आणि जी वाट पाहणे आहे, त्याने ख्रिस्ती जगाला क्रुसाचा योहान आणि बाख दिले. दोन्ही अनुभव वेगळे आहेत, आणि त्यांना एकच म्हणणारा माझ्यासारखा प्राध्यापक दोन्हींवर अन्याय करतो.

ख्रिस्त मराठी अभंगात आला तेव्हा काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक ख्रिस्ताला अभंगांतून आळवू लागले. त्यांच्यासमोर युरोपातली वधूभावाची सारी परंपरा होती आणि घरची विठ्ठलपरंपराही. त्यांच्या कवितेत ठळकपणे उमटला तो ख्रिस्त गुरू आहे आणि माउली आहे. लेकराच्या नात्याला वाग्दान लागत नाही, हुंडा लागत नाही. या निवडीमागे वारकरी संस्कार आहे हे उघडच आहे. पण टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांचा स्वतःचा संसार काही वर्षे दुभंगला होता, हेही विसरता येत नाही. लक्ष्मीबाई नवऱ्यामागे लगेच गेल्या नाहीत. मध्ये वर्षे गेली, विचार झाला, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी वाटते, की त्या रिकाम्या जागेविषयी मराठीत कोणी अनुभवाने बोलले असेल तर ते या बाईने, तेही वधूचे रूपक अजिबात न वापरता.

आई आता नाही. तिच्या प्रश्नाला तेव्हा मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. बहुधा नवरीचे नाव महत्त्वाचे नाही, चमत्कार महत्त्वाचा, असे काहीसे म्हणालो असेन. आज मी तिला प्रकटीकरणाचे शेवटचे पान वाचून दाखवले असते. तिथे नवरी भेटते, एक शब्द बोलते, आणि पुस्तक संपते. पुढे काय झाले, असे तिने विचारले असते, आणि या वेळी मी उत्तर द्यायची घाई केली नसती.